बाबांचं रीमिक्स

३ फेब्रुवारी, सोमवार

दादा,

तुझे दात आले. आज सकाळी, पुठ्ठ्याच्या खोक्यातून, कापसात गुंडाळून. कवळीसाठीचा प्लास्टरचा साचा. तुमच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर नाव लिहिलं नव्हतं, नुसता नंबर आणि खाली 'पुरुष, वय ६१, खालचे उजवीकडचे तीन'. पण मी बत्तीस वर्षं लोकांच्या कवळ्या करतेय आणि त्याआधी बावीस वर्षं तुझ्या समोर बसून जेवलेय. पुढचा तो आडवा दात मी डोळे मिटूनही ओळखला असता. त्याची खूण माझ्या डाव्या दंडावर अजून आहे.

तुमच्याकडे कवळ्या करणारं कोणी नाही म्हणून तुमचे डॉक्टर सगळं काम इकडे पाठवतात. तुला हे माहीत होतं की नव्हतं, देव जाणे. नसेल तर आता कळलं. सहा वर्षांनी तुझं तोंड पाहायला मिळालं ते हे असं.

फोन तू उचलणार नाहीस आणि मेसेज उघडणार नाहीस, म्हणून कागद. कागद फाडायला तरी हातात घ्यावा लागतो.

तर, तुझ्या दाढा वरून सपाट झाल्यात. झोपेत दात खातोस तू. दात-ओठ खाण्याइतका राग अजून शिल्लक असेल तर तो माझ्यावरचाच असणार, म्हणून बिचाऱ्या वहिनीला विचारत बसू नकोस की मी रात्री काय करतो. मी तुझी छोटी कवळी नीट करून देते. बाकीच्या कामाच्या आधी तुझंच घेतलंय. आमच्या मालकांनी विचारलं, "एवढी घाई का?" मी म्हटलं, "पेशंट फार चिडका आहे."

मी मजेत आहे. खरंच. कारखान्यात माझं टेबल आता खिडकीजवळ आलंय. घरी मागच्या खोलीत संगणक, दोन स्पीकर आणि माझी ती गाणी. शेजारीण त्यांना 'देवाची नाचगाणी' म्हणते आणि मला ते नाव आवडलंय. शब्द आपल्या उपासनेतले, खाली इलेक्ट्रॉनिक ठोका, मिनिटाला एकशे अठ्ठावीस. तरुण मंडळींसाठी म्हणून सुरू केलं होतं. त्यांनी ऐकलं, "ताई, मस्त आहे" म्हणाले आणि पुन्हा कधी ऐकलं नाही. मी नाराज झाले होते, पण माझी गाणी भलत्याच लोकांनी उचलली. चर्चच्या सभागृहात दर गुरुवारी सकाळी दहाला म्हाताऱ्या मंडळींचा व्यायामाचा वर्ग असतो. एक निवृत्त परिचारिका घेते, सगळे तिला मेट्रन म्हणतात, आणि तिच्यासमोर मीसुद्धा पोट आत घेऊन उभी राहते. बावीस जण, सगळ्यात लहान अडुसष्ट वर्षांची. यांना माझे ठोके आवडतात. एका गुडघ्यावर पट्टी, दुसऱ्या हातात काठी, आणि खाली बेस धडधडतोय. गुरुवारी मी अर्धा दिवस रजा घेते ती यांच्यासाठी.

बाबांच्या चर्चच्या क्वायरमध्ये खालच्या पट्टीत गाणारी आल्टो मावशी तुला आठवत असेलच. तीही येते. ती म्हणाली, "तुझ्या बाबांचं ते केलं होतंस ना, तेवढं लाव की एकदा." मी हो म्हटलेलं नाही. नाही असंही म्हटलेलं नाही.

दात पुढच्या सोमवारपर्यंत पोहोचतील. सुरुवातीला टोचतील. टोचले तर डॉक्टरांना सांग, मनात ठेवू नकोस.

तुझी,
धाकटी


१४ फेब्रुवारी, शुक्रवार

दादा,

तुझं उत्तर आलं नाही, पण डॉक्टरांकडून निरोप आला की पेशंट म्हणाले, 'बसतंय'. तुझ्याकडून एवढं म्हणजे टाळ्यांचा कडकडाट. मी दिवसभर खूश होते.

आता वाईट बातमी. मी बाबांचं ते गाणं लावलं. काल, वर्गात. तुझ्या उत्तराची वाट न पाहता.

थांब, फाडू नकोस. पुढचं वाच.

ते गाणं मी सहा वर्षं कुठेही लावलं नव्हतं. मी म्हटलं, आपल्याच चर्चमधली माणसं, निम्म्यांनी बाबांच्या हाताखाली चाळीस वर्षं गायलेलं, कोणाला काय त्रास होणार? मेट्रनने 'प्रभू'ला दोन्ही हात वर आणि 'सावकाश'ला खाली असं बसवलं. मावशी पहिल्या रांगेत. पोस्टमास्तर, वय एक्क्याऐंशी, तिच्या शेजारी. पहिलं कडवं झालं, दुसरं झालं, सगळ्यांचे चेहरे फुललेले, मावशीच्या डोळ्यांत पाणी. तिसऱ्या कडव्याला बाबांची ओळ आली, 'दार लोटू नकोस, प्रभू, येतो मी सावकाश'. सगळ्यांचे हात वर गेले आणि तिथेच सगळा गोंधळ झाला. निम्म्यांचे हात वरच राहिले, निम्म्यांचे खाली आले, कोणी कोणाच्या काठीला लागलं. पोस्टमास्तरांना चक्कर आल्यासारखी झाली आणि ते मटकन खुर्चीत बसले. (बरे आहेत. नंतर दोन कप चहा प्यायले.)

मेट्रनने बटण दाबून गाणं बंद केलं आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "गाणाऱ्याला श्वास घ्यायला मनाई केलीय का कोणी?"

मला काही कळेना. मावशी म्हणाली, "अगं, 'प्रभू'नंतर थांबायचं असतं ना. तुझे बाबा नेहमी थांबायचे. आम्ही सगळे तिथेच श्वास घ्यायचो. तुझ्या गाण्यात ते थांबतच नाहीत. मी वाट बघत राहिले आणि ते पुढे निघून गेले."

दादा, मी संगणक उचलून घरी आले, उरलेल्या अर्ध्या दिवसाचीही रजा टाकली आणि दुपारभर ते गाणं ऐकत बसले. तुला माहीत नाही हे कसं करतात, म्हणून सांगते. पडद्यावर गाणं उभ्या रेघांमध्ये दिसतं. प्रत्येक रेघ म्हणजे एक ठोका. माणूस गातो तेव्हा तो कधी रेघेच्या आधी येतो, कधी नंतर. मी त्याला धरून रेघेवर ओढते. सगळं रेघेवर बसलं की नाचता येतं. बाबांना मी तीन रविवार ओढत होते. 'प्रभू' आणि 'येतो' यांच्यामध्ये मोठी रिकामी जागा होती, ती मला आठवते. मी ती बंद केली. मला ती चूक वाटली होती. म्हातारपणामुळे झालेली चूक, आणि मी लेक म्हणून ती झाकतेय असं वाटलं होतं.

सहा वर्षांपूर्वी तरुणांच्या मेळाव्यात मी हे गाणं लावलं तेव्हा तू पहिल्या रांगेतून उठलास आणि सगळ्यांसमोर मला म्हणालास, "बाबा सावकाश येतो म्हणतायत आणि तू त्यांना पळवतेस." आणि निघून गेलास. मी आजवर समजत होते की चर्चमधल्या गाण्याला ढोल लावला म्हणून ऑर्गन वाजवणाऱ्या साहेबांना, म्हणजे तुला, राग आला. लोकांना तसंच सांगत होते. तुझी नक्कलही करायचे, माफ कर, बरी जमायची. तू काय म्हणालास ते मी ऐकलंच नव्हतं. शब्दन्‌शब्द पाठ असूनही.

मला ते गाणं पुन्हा करायचंय. या वेळी त्यांच्या चालीने. पण माझ्याजवळची मूळ प्रत त्या जुन्या संगणकाबरोबर गेली. उरलंय ते माझं सरळ केलेलं. मूळ कॅसेट एकच, आणि ती तुझ्याकडे आहे.

देशील का?

धाकटी


२२ फेब्रुवारी, शनिवार

दादा,

तुझं कार्ड मिळालं. 'कॅसेट मिळणार नाही.' तीन शब्द आणि खाली सही. बहिणीला लिहितानाही पूर्ण सही करणारा माणूस जगात तू एकच.

खरं सांगू? मला आनंद झाला. वेडेपणा आहे, पण झाला. सहा वर्षांत तुझं अक्षर पाहिलं नव्हतं. 'ळ'ला अजून तीच शेपटी काढतोस. ते कार्ड मी टेबलासमोर टाचून ठेवलंय, आणि मालक रोज वाचून विचारतात, "कसली कॅसेट?"

तू नाही म्हणालास ते बरोबर आहे. मागच्या पत्रात मी अर्धंच सांगितलं होतं. श्वासाचं सांगितलं, कारण तेवढं सांगणं सोपं होतं, त्यात मी नुसती अडाणी ठरत होते. राहिलेलं आता सांगते.

तुझा ऑर्गन मी मुद्दाम काढून टाकला होता. कॅसेटवर बाबांचा आवाज आणि तुझं वाजवणं एकत्रच आहे, एकाच माइकवर, म्हणजे पूर्ण निघत नाही. पण खालचे सूर गाळून टाकता येतात, आणि जे उरतं त्यावर दुसरे सूर थापता येतात. मी तसं केलं. तुझ्या जागी माझ्या इलेक्ट्रॉनिक सिंथचे सूर घातले. मला कोणी विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, ऑर्गन जुना वाटतो, तरुण मंडळी नाचणार नाहीत. पण कारण ते नव्हतं. बाबांचं शेवटचं वर्ष तुझ्या घरी गेलं. त्यांना रोज सकाळी ऑर्गनपाशी नेऊन बसवणारा तू. कॅसेट तू केलीस. त्या सगळ्यात मी कुठेच नव्हते, महिन्यातून एकदा बिस्किटांचा पुडा घेऊन यायचे. मला एक तरी गाणं असं हवं होतं ज्यात नुसते बाबा आणि मी असू.

आणि आणखी एक, त्याची मला सगळ्यात जास्त लाज वाटते. बाबा गाताना 'टक' असा बारीक आवाज यायचा. 'स'ला आणि 'च'ला. तुला तो ऐकू यायचा का? ती वरची कवळी. मी केलेली. त्यांच्या हिरड्या बसत गेल्या आणि कवळी सैल झाली, आणि ते मला कधी बोलले नाहीत, कारण मी वाईट वाटून घेईन. बत्तीस वर्षांच्या नोकरीत मी सगळ्यात काळजीने केलेलं काम ते, आणि तेच वाजत होतं. मी त्या गाण्यातून एकशे सात 'टक' वेचून काढले. एकेक. श्वास काढले तेही खरं तर त्या भरातच. खोलीत झाडू मारायला घेतला की माणूस कोपरेही सोडत नाही, तसं झालं.

थोडक्यात, मी तुला काढलं, माझी चूक काढली, बाबांचा दमही काढला, आणि जे उरलं त्याला बाबा म्हटलं. वर न विचारता मेळाव्यात लावलं, तुला आश्चर्याचा धक्का द्यायचा म्हणून. धक्का बसला हे खरं.

मी आता कॅसेट मागत नाही. तुझी माफी मागतेय. माफीबद्दल उत्तर आलं नाही तरी चालेल. दात कसे आहेत ते मात्र कळव.

धाकटी


३ मार्च, सोमवार

दादा,

'रविवारी चारला ये. कॅसेट घराबाहेर जाणार नाही.'

येते! साडेतीनलाच येऊन कोपऱ्यावर उभी राहीन आणि चारला बेल वाजवीन, म्हणजे तुला घड्याळ बघून कपाळाला आठ्या घालायला मिळणार नाहीत. वायर घेऊन येते, तुझ्या टेपरेकॉर्डरला लागणारी जुनी जाड पिनही शोधून ठेवलीय. कॅसेटला हात तूच लाव. मी टेबलाच्या पलीकडे हात बांधून बसेन.

आज मी एका गृहस्थाच्या कवळीला दोन दात उलटे बसवले. इतकं माझं लक्ष कामात आहे.

धाकटी


१० मार्च, सोमवार

दादा,

काल निघताना वहिनी एकटी तिघांचं बोलत होती, आणि तिने एक तास गच्चीवर कपडे वाळत घातले तेव्हाच मला कळलं की तिने आपल्याला मुद्दाम एकटं सोडलंय. एवढे कपडे तुमच्या घरात नाहीत.

तू दार उघडलंस आणि म्हणालास, "वायर आणलीस?" सहा वर्षांनंतरचं पहिलं वाक्य. मी म्हटलं, "आ कर." आणि तू केलंस! दारातच, शहाण्या मुलासारखा. कवळी छान बसलीय, मागच्या बाजूला थोडी घासायला हवी होती, ती मी घासली. सोबत कानस आणली होती हे तुला चोरटेपणाचं वाटलं असेल, पण मी कानशीशिवाय कुठेच जात नाही.

मग तू कॅसेट लावलीस. मला वाटलं होतं मी रडेन. त्याऐवजी बाबांच्या पहिल्या 'स'ला 'टक' वाजलं आणि तू खिडकीबाहेर बघत म्हणालास, "तुझी कवळी." मला इतकं हसू आलं की मी तोंडावर रुमाल धरला, नाहीतर माइक नसतानाही टेपवर उमटलं असतं असं वाटत होतं. तू हसलास की नाही ते मला दिसलं नाही. खांदे हलत होते.

तिसरं कडवं आलं. 'दार लोटू नकोस, प्रभू'. आणि बाबा थांबले. मी घड्याळाकडे बघत होते, सवयच आहे ती. सात सेकंद. बाबांचा श्वास आत जाताना ऐकू येतो, अडखळतो, पुन्हा घेतात. आणि त्या सातही सेकंदांत तुझा ऑर्गन तिथेच आहे. एकच सूर, दाबून धरलेला. पुढे जात नाही, कमी होत नाही, त्यांना घाईही करत नाही. मग 'येतो मी सावकाश', आणि तू त्यांच्याबरोबर निघालास. ही जागा मी बंद केली होती.

दादा, नाचाच्या गाण्यात एक प्रकार असतो. सगळं वाजणं एकदम थांबतं, लोक श्वास रोखून उभे राहतात आणि मग ठोका परत येतो. त्याला ड्रॉप म्हणतात. लोक त्यासाठीच तर येतात. मी त्या गाण्यात माझा एक ड्रॉप घातला होता, दुसऱ्या कडव्यानंतर, अगदी पुस्तकात सांगितल्यासारखा. तुम्ही दोघांनी तो आधीच केलेला होता, योग्य जागी, आणि मी तो बुजवून पलीकडे स्वतःचा खणला. माझ्या कामात याहून मोठा मूर्खपणा मी अजून केलेला नाही.

आता मुख्य सांगायचं ते. गाणं संपलं तेव्हा तू म्हणालास, "बंद कर," आणि गच्चीवर वहिनीला हाक मारायला गेलास. मी बंद केलं नाही. मुद्दाम नाही, हात उचललाच नाही. टेप चालू राहिली आणि माझ्या संगणकावर उतरत राहिली. आधी खुर्ची करकरली. मग बाबांचा आवाज, "फार थांबलो का रे मी?"

आणि टेपवरचा तू म्हणालास, "नाही, बाबा. मीच सूर वेळेवर सोडला नाही."

"असं होय. मला वाटलं, मीच. वेळेवर सोडत जा."

"हो, बाबा."

मग खटका, आणि संपलं.

दादा, तू आयुष्यात कधी सूर उशिरा सोडलेला नाहीस. अर्ध्या ठोक्याची चूक झाली म्हणून तू अख्ख्या क्वायरला पुन्हा पहिल्यापासून गायला लावायचास. मी अकरा वर्षांची होते, तू मला एका ओळीसाठी दोन तास उभं केलं होतंस. आणि म्हातारपणी बाबांनी तुला चुकल्याबद्दल टोकलं आणि तू हो म्हणालास. ते किती समाधानाने 'असं होय' म्हणाले! त्यांना शेवटपर्यंत वाटलं असेल की आपला दम पुरतोय, मुलगाच जरा ढिला आहे.

तू हे कोणाला सांगितलं नव्हतंस. मलाही नाही, भांडतानाही नाही. त्या मेळाव्यात उठून सगळ्यांसमोर हे सांगितलं असतंस तर मी जमिनीत गेले असते. तू नुसता पळवण्याचं बोललास आणि सहा वर्षं दात खात राहिलास.

तर आता मी विचारतेय. तू ऐकू देणार नव्हतास ते मी ऐकलं, आणि ते माझ्याकडे उतरलंय. पुसून टाकायचं असेल तर सांग, पुसते. मी त्याला अजून हात लावलेला नाही, गाण्यालाही नाही. तुझं उत्तर येईपर्यंत संगणक बंद आहे आणि मी संध्याकाळी चक्क शब्दकोडी सोडवतेय.

धाकटी


२१ मार्च, शुक्रवार

दादा,

तुझं कार्ड मी मालकांनाही वाचू दिलं नाही. 'ते बोलणं तुझ्याकडे राहू दे. गाण्यात नको. वर्ग किती वाजता असतो?'

गाण्यात घातलं नाही, ते तू काल ऐकलंसच. वर्ग दहाला हे मी कळवलं होतं, पण तू येशील असं मी धरलं नव्हतं. वाटलं होतं, तू सहज विचारतोयस, उगाच आशा लावायला नको. काल दहाला पाच कमी असताना तू सभागृहाच्या दारात उभा होतास, कोट घातलेला, मांडीएवढी चामड्याची पिशवी घेऊन, विम्याच्या माणसासारखा. मेट्रनने तुला सरळ दुसऱ्या रांगेत उभं केलं आणि तू गुडघ्याचं कारण सांगून मागच्या बाकावर जाऊन बसलास. तुझे गुडघे ठणठणीत आहेत. मी तिला सांगितलं नाही.

गाणं कसं केलं ते सांगते, कारण काल सांगायला तोंड उघडलं असतं तर भलतंच झालं असतं. मी बाबांना रेघेवर आणलं नाही. रेघाच त्यांच्यामागे नेल्या. ते जिथे शब्द टाकतात तिथे ठोका, ते रेंगाळले की ठोकाही रेंगाळतो. एकशे अठ्ठावीस कुठेच नाही. कुठे एकशे दहा, कुठे एकशे दोन, शेवटी त्याहूनही खाली. नाचाची गाणी करणारा कोणीही ऐकून म्हणेल की या बाईला तालाचं ज्ञान नाही. ऑर्गन सगळा आहे, खालच्या सुरांसकट. एकशे सात 'टक' आहेत. मावशीला ते फार आवडले. तिला वाटलं मी नवीन वाद्य घातलंय.

तिसऱ्या कडव्याला 'प्रभू' आलं, बावीस जणांचे हात वर गेले, आणि मी सगळं बंद केलं. ठोका, बेस, सगळं. राहिला नुसता तुझा ऑर्गन. सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तो आवाज तू ऐकलास ना? खोलीभर. हात वर, काठ्या वर, कोणी हललं नाही, कोणी कोणाला लागलं नाही. त्यांना कोणीही काही सांगितलेलं नव्हतं. पोस्टमास्तर डोळे मिटून उभे होते.

मी त्यांच्याकडे बघायला हवं होतं, पण मी तुझ्याकडे बघत होते. तू मागच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसला होतास आणि तुझे दोन्ही हात त्या पिशवीवर होते, बोटं पसरलेली, दाबलेली. नखं पांढरी झाली होती. सातही सेकंद तू हात उचलले नाहीस. बाबा 'येतो' म्हणाले, आणि मग उचललेस. बरोबर त्या क्षणाला, केसभरही पुढेमागे नाही.

त्यानंतर ठोका आला आणि पोस्टमास्तर काय नाचले ते मी सांगायला नको. मेट्रनने त्यांना दोनदा दटावलं. तू रुमाल काढून चष्मा पुसत होतास, बराच वेळ.

मग आपण चहा घेतला आणि तू म्हणालास की बेस जरा जास्त आहे. आहे. कमी करते. मावशी तुला घट्ट धरून बसली होती म्हणून पुढे बोलणं झालं नाही. गेटपाशी तू वळून विचारलंस, "पुढचं कुठलं घेतेस?" आणि मी नुसती मान हलवली आणि आत पळाले. तुला वाटलं असेल मी अजून तशीच शिष्ट आहे.

उत्तर आत्ता देते. पुढचं गाणं तू निवड आणि तू वाजव. शनिवारी माइक आणि वायर घेऊन मी तुझ्याकडे येते. जसं मनात येईल तसं वाजव, हवं तिथे थांब, हवं तितका वेळ थांब. ठोका मी तुझ्या मागून आणते.

धाकटी